वेळापत्रकाचा आठवडा की वावराचा? घरी शिकवणाऱ्या कास्तकार कुटुंबासाठी तुलना

मुलांना घरीच शिकवायचं ठरलं की पुढचा प्रश्न लगेच येतो: सोमवारी सकाळी करायचं काय? विदर्भातल्या खेड्यात याची दोन उत्तरं आहेत. एकात घरातच छोटी शाळा भरते: पुस्तकं, तास, वह्या, शनिवारी चाचणी. दुसऱ्यात आठवडा वावराभोवती, गोठ्याभोवती, चुलीभोवती आणि आठवडी बाजाराभोवती फिरतो आणि गणित, विज्ञान, भाषा त्या कामातून निघतात. एक तिसरी वाटही आहे, नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेत ठेवून घरी जादा शिकवण्याची. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे, कारण अनेक घरांना तीच सोयीची असते.

आमचं मत आधी सांगतो. सहा ते नऊ या वयात वेळापत्रकाचा आठवडा चांगला, नऊ ते तेरा वावराचा, आणि दहावीच्या आधीची दोन वर्षं पुन्हा वेळापत्रकाचा. दोन्हीत वाचन आणि गणिताचा मिळून एक तास रोज झालाच पाहिजे, तो कामातून होईल या भरवशावर सोडू नये. मात्र तुमच्या घरी काय जमेल हे ऑक्टोबर ठरवतो. सोयाबीनची काढणी, कापसाची पहिली वेचणी आणि हरभऱ्याची तयारी एकाच महिन्यात येते. त्या महिन्यात रोज सकाळी दोन तास मुलांजवळ बसू शकेल असं घरात कोण आहे, ते आधी नक्की करा. कोणीच नसेल तर पुढची सगळी तुलना कागदावरच राहील.

वेळापत्रकाचा आठवडा

सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेसात ते दहा. मोठ्या मुलाला ४० मिनिटांचे तीन तास आणि मध्ये २० मिनिटांची सुट्टी. सहा-सात वर्षांच्या मुलाला २५ मिनिटांपेक्षा मोठा तास ठेवू नका, त्यानंतर तो फक्त बसलेला असतो. पहिला तास वाचन-लेखनाचा, दुसरा गणिताचा, तिसरा आलटून पालटून इंग्रजी आणि परिसर अभ्यासाचा. शनिवारी नवीन काही नाही, आठवडाभराची उजळणी आणि पंधरा दिवसांतून एकदा दहा प्रश्नांची चाचणी. मार्च उजाडला की तास साडेसहाला सुरू करा. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर टिनाच्या छपराखाली कोणाचंच डोकं चालत नाही. विदर्भातल्या शाळाही उन्हाळ्यात सकाळी भरतात आणि जूनच्या अखेरीस उघडतात, त्याचं कारण हेच.

रोजचे दोन तास धरले तर आठवड्याला दहा होतात, चाळीस आठवड्यांत चारशे. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत. चारशे तास कमी वाटतील. पण तीस मुलांच्या वर्गातला बराच वेळ हजेरी, फळा आणि वाट पाहण्यात जातो, घरी तो वाचतो. अट एकच: शिकवणारा माणूस खरोखर जवळ बसलेला हवा. "तू कर, मी येतोच" असं म्हणून ढोरं सोडायला गेलात की तास संपला.

पुस्तकांची अडचण नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवता येतात. मोबाइलवर वाचायला देण्यापेक्षा तालुक्याच्या गावी दोन-दोन पाठ छापून आणा. पुस्तकाच्या दुकानात अख्खं पुस्तक मिळालं तर ते छपाईपेक्षा स्वस्त पडतं.

हा आठवडा बिघडतो कुठं? पहिला घोळ विजेचा. ज्या गावांत शेतीपंपाला अजून आठवड्याच्या पाळीनं वीज मिळते, तिथं रात्रपाळीच्या आठवड्यात ओलिताला गेलेला बाप पहाटे घरी येतो. शिकवायची जबाबदारी त्याच्यावर असेल तर साडेसातचा तास बुडणारच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी दोन वेळापत्रकं भिंतीवर लावा: दिवसपाळीच्या आठवड्याचं सकाळचं आणि रात्रपाळीच्या आठवड्याचं दुपारी चारचं. एकच वेळ रेटली तर आठवड्याआड तास बुडतात आणि मूल ते लगेच ओळखतं.

दुसरा घोळ नकलेचा. वही सुंदर भरलेली, अक्षर गोल, आणि न पाहिलेली एक ओळ वाचता येत नाही. यावर चाचणी सोपी आहे. पुस्तक मिटा आणि बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल किंवा बस आगारावरची पाटी वाचायला द्या. दर मिनिटाला किती शब्द नीट वाचले ते महिन्यातून एकदा मोजून तारखेसह लिहा. दोन महिने आकडा हलला नाही तर तासाची पद्धत बदला, तासांची संख्या वाढवू नका.

तिसरी अडचण बोलायला अवघड, पण खरी. शिकवणाऱ्याचं स्वतःचं गणित साधारण पाचवीच्या अपूर्णांकांपाशी नाहीतर सातवीच्या बीजगणितापाशी अडतं. त्यात लाज नाही, पण लपवलं तर मुलाच्या मनात तो विषयच धाकाचा होतो. आठवड्यातून एक दिवस गावातल्या बारावी-बीएस्सी झालेल्या पोरा-पोरीकडे तास लावा आणि त्याचे पैसे द्या. फुकटचा तास दिवाळीनंतर टिकत नाही.

वावराचा आठवडा

कामातून शिक्षण हा विचार विदर्भाला नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. हस्तोद्योग मध्ये आणि विषय त्याच्याभोवती, ही तिची रचना. घरी ती करायची तर आठवड्याला एकच काम निवडा. सोमवारी त्या कामाचा प्रश्न ठरवा, मंगळवार ते गुरुवार काम आणि मोजमाप, शुक्रवारी हिशोब आणि लिहिणं, शनिवारी किंवा गावचा बाजार असेल त्या दिवशी बाजार.

एक उदाहरण पूर्ण पाहू: मे-जूनमधली सोयाबीनची उगवण चाचणी. ती कास्तकाराला करावीच लागते, त्यामुळे मुलाचं काम खोटं खोटं होत नाही.

घरच्या बियाण्याच्या पोत्यातून वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ काढून मिसळा. त्यातून डोळे मिटून १०० दाणे मोजा. इथंच पहिला धडा आहे: मूल टपोरे, चकचकीत दाणे वेचतं आणि चाचणी खोटी पडते. नमुना कसा घ्यायचा हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा इथं पक्कं समजतं. गोणपाटाचा तुकडा भिजवून, पिळून जमिनीवर पसरा. दहा-दहाच्या दहा ओळींत दाणे ठेवा, वरून दुसरा ओला तुकडा घाला, गुंडाळी करून सैल बांधा आणि सावलीत ठेवा. मेच्या उन्हात गोणपाट दुपारपर्यंत खडखडीत होतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. पाणी जास्त झालं तर दाण्यांवर बुरशी येते आणि चांगलं बियाणंही सडून कमी मोजलं जातं. पाचव्या-सहाव्या दिवशी गुंडाळी उघडून निरोगी कोंब मोजा.

शंभरातले ७० उगवले तर ७० टक्के, त्याला एकरी ३० किलो बियाणं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. ६६ निघाले तर ३२ किलो, चार एकरांना १२८. शतमान, गुणाकार, अंकुरण आणि बुरशी एकाच गुंडाळीत येतात. शुक्रवारी मुलानं वहीत चार गोष्टी लिहायच्या: काय केलं, काय मोजलं, काय निघालं, काय चुकलं. ही वही नसेल तर तो आठवडा शिक्षणाचा धरू नका.

पुढची कामं पीक आणि पाऊसच सुचवतात. जूनमध्ये सरळ उभ्या भिंतीचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीनं पाऊस मोजायचा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एकरात ४,०४७ चौरस मीटर असतात, म्हणजे १० मिलिमीटर पावसात एकरभर वावरावर चाळीस हजार लिटर पाणी पडलं. जुलैत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मोजायची: दोन ओळींत चार फूट आणि दोन झाडांत दीड फूट, तर एका झाडाला सहा चौरस फूट. ४३,५६० ला सहानं भागा, एकरी ७,२६० झाडं. मग प्रत्यक्ष एका ओळीतल्या तुटी मोजून किती टक्के झाडं उभी आहेत ते काढा. डवरणी, म्हणजे ओळींमधली कोळपणी, करणाऱ्याला विचारलं तर तुटी कशामुळं पडल्या हेही कळतं. हिवाळ्यात सातबारा समोर ठेवा. १ हेक्टर ६२ आर म्हणजे किती एकर? शंभर आर म्हणजे एक हेक्टर, एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, उत्तर चार. मग दोरी घेऊन धुऱ्यावरून (बांधावरून) चाला आणि कागद आणि जमीन जुळतात का पाहा.

कापसाचा ओलावा हा तर सहावी-सातवीच्या शतमानाचा अख्खा पाठ आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तो ८ टक्के ओलाव्याला. त्यावर प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्क्यानं उतरतो आणि १२ टक्क्यांच्या पुढे हमीभावात खरेदी नाही. ९, १०, ११ आणि १२ टक्क्यांचे भाव मुलाला काढू द्या: ८,०२८.९०, ७,९४७.८०, ७,८६६.७० आणि ७,७८५.६०. सकाळच्या दवात वेचलेला कापूस आणि दोन दिवस वाळवलेला कापूस यांतला फरक मग तो रुपयांत सांगतो.

भाषेचं काय? तान्ह्या पोळ्याची तयारी, भुलाबाईची गाणी, आजीकडून ऐकलेल्या म्हणी हे सगळं लिहून काढण्यासारखं आहे. भुलाबाई हा मुलींचा गाण्यांचा सण, तिचे दिवस तर भाषेसाठी सोन्यासारखे: मुलीनं रोज एक गाणं ऐकून लिहायचं, मग शेजारच्या गावच्या मावशीकडून तेच गाणं ऐकून कुठल्या ओळी वेगळ्या आहेत ते शोधायचं. ऐकणं, लिहिणं आणि तुलना अशी तिन्ही कामं त्यात येतात.

आता या आठवड्याच्या कमकुवत जागा. वावर सगळं शिकवत नाही. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्या, भूमितीतल्या सिद्धता, इंग्रजी, इतिहास यांना वावरात जागा नाही. ते पुस्तकातूनच करावं लागतं, आणि रोजचा एक तास पक्का हवा तो यासाठीच. शिवाय अनुभवी कास्तकार हातानं करतो, तोंडानं सांगत नाही. मूल शेजारी उभं राहून पाहतं आणि त्याला वाटतं आपल्याला समजलं. काम करताना "असं का?" हा प्रश्न मोठ्यानं विचारायची सवय शिकवणाऱ्यालाच लावून घ्यावी लागते.

सगळ्यात मोठा धोका मजुरीचा आहे. वेचणीत बोंड कसं फुटतं, पत्ती-कचरा का येतो, फरदडीचा (हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीचा) कापूस वेगळा का, गुलाबी बोंडअळीचं छिद्र कसं ओळखायचं हे मूल पहिल्या दोन किलोंत शिकतं. त्यानंतरचा प्रत्येक किलो मजुरी आहे. माणसं मिळत नाहीत, कापूस गळतो आहे आणि घरात मोकळे हात दिसतात, तेव्हा ही रेघ पुसली जाते. वर्ध्याच्या १९३७ च्या त्या योजनेवरही तेव्हाच आक्षेप घेतला गेला होता की उत्पन्नावर नजर ठेवली तर शाळेचा कारखाना होईल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरी कायदाही चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या कामात मदत करू देतो ती शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीत, आणि धोक्याचं काम नसेल तरच. म्हणून नियम करा: एका कामात आठवड्याला सहा तासांच्या वर मूल नाही, आणि नवीन मोजण्यासारखं काही उरलं नाही तर त्याच क्षणी काम बंद.

फवारणीच्या बाबतीत तडजोडच नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस मुलांनी त्या वावरात जायचं नाही. औषध मिसळायला, पाणी आणून द्यायला, रिकामे डबे उचलायलाही नाही. त्या दिवशी वेळापत्रकाचा आठवडा चालवा.

एक गोष्ट मुलींबद्दल. घरी शिकणाऱ्या मुलीचा वेळ घर गिळतं. सडा-सारवण, लहान भाऊ, स्वयंपाक हे सगळं "कामातून शिक्षण" या नावाखाली सहज खपतं. तुमच्याकडे मुलगा आणि मुलगी दोघं असतील तर आठवडाभर दोघांचे तास वेगवेगळे लिहा. मुलीची वही मुलाच्या वहीपेक्षा रिकामी निघाली तर बदल तिथून सुरू करा.

दोन्ही शेजारी ठेवले तर

| काय पाहायचं | वेळापत्रकाचा आठवडा | वावराचा आठवडा |
|---|---|---|
| मोठ्या माणसाचा वेळ | रोज दोन-तीन तास, बसून | एक तास बसून, बाकी काम करता करता. शुक्रवारी दोन तास हिशोबाला |
| कोणत्या वयाला | ६ ते ९, आणि दहावीच्या आधीची दोन वर्षं | ९ ते १३ |
| कुठं कोलमडतो | काढणी, लग्नसराई, रात्रपाळीचं ओलीत | वही लिहिली नाही तर. वेचणीचा जोर वाढला तर |
| दोन वेगळ्या वयांची मुलं | अवघड, तास वेगळे लागतात | सोपं. लहान मोजतं, मोठं हिशोब काढतं |
| खर्च | पुस्तकं, छपाई, बाहेरचा एक तास | ताणकाटा, मोजपट्टी, वह्या, बाहेरचा एक तास |
| शेती नसलेलं घर | चालतो | किराणा दुकान, शिवणकाम, दूध यांवर बसवावा लागतो |

नाव शाळेत ठेवायचं की नाही

घरी शिकवण्यावर बंदी घालणारं कलम शिक्षण हक्क कायद्यात नाही. पण सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे त्यात पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. त्यासाठी पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात मात्र शिक्षक दारी येतील. त्यांच्याशी वाद घालू नका. तारखेच्या वह्या आणि वाचनाची नोंद समोर ठेवा. ते त्यांचं काम करत असतात.

नाव काढलं तर काय जातं, ते मोजून पाहा. शालेय पोषण आहार, फुकट पुस्तकं आणि गणवेश जातात. चौथी-सातवीची (२०२५-२६ पर्यंत पाचवी-आठवीची) शिष्यवृत्ती परीक्षा शाळेतूनच भरतात. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशाला आणि एनएमएमएस या आठवीच्या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेलाही शाळेत शिकत असल्याची अट आहे. पुढं जातीचा दाखला आणि पडताळणीला शाळेतल्या नोंदी लागतात. मुलाची नोंद नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्म दाखला आणि वडील-आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले आतापासून जपून ठेवा. शिवाय पटसंख्या वीसच्या आत असलेल्या शाळेत एकेका नावालाही वजन असतं. गावची शाळा बंद पडली तर शेजारच्या मजुराच्या लेकराला तीन-चार किलोमीटर चालावं लागतं, हेही निर्णयात धरायला हवं.

म्हणून ज्यांची शाळा चांगली आहे, गुरुजी किंवा बाई समजून घेणाऱ्या आहेत, त्यांना आम्ही नाव ठेवून संध्याकाळी आणि रविवारी वावराचा आठवडा चालवायला सांगू. शाळेतला वेळापत्रकाचा भाग आणि घरचा कामाचा भाग एकमेकांना धरून चालतात.

दहावीची वाट

पूर्ण घरी शिकवायचं असेल तर हे मूल दहा वर्षांचं असतानाच ठरवा. राज्य मंडळाच्या १७ नंबर फॉर्मनं खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. अभ्यासक्रम आणि पुस्तकं बालभारतीची ओळखीची, परीक्षा केंद्रही जवळचं. पण फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि कधीच शाळेत न गेलेलं मूल तिथं अडतं. परीक्षेच्या आदल्या वर्षी पावसाळ्यातच तारखांवर लक्ष ठेवा. काढणीच्या गडबडीत ती मुदत निघून जाते.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, माध्यमिकला किमान वय १४. पाच विषय निवडायचे, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन परीक्षा. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात एकेक विषय सोडवता येतो. कास्तकार घराला एप्रिल-मेची परीक्षा बरी, ऑक्टोबरची काढणीत येते. मराठी माध्यम आहे, पण निवडलेल्या प्रत्येक विषयाचं पुस्तक मराठीत आहे ना, ते फी भरण्याआधी पाहा. अभ्यासकेंद्र शहरात असतं, म्हणून प्रात्यक्षिकाचे विषय कमी निवडले तर फेऱ्या वाचतात. तिसरं महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. त्यात पाचवी आणि आठवीच्या पातळीचीही परीक्षा होते, त्यामुळे कागद आधीपासून तयार होत जातो. शाळेत कधीच न गेलेल्या मुलासाठी आम्हाला ती वाट जास्त सुरक्षित वाटते.

ठरवण्याआधी

मे महिन्यात चाचणी घेऊ नका. तेव्हा सगळ्यांकडेच वेळ असतो. ऑक्टोबरात तीन आठवडे एकच पद्धत चालवा आणि रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा: पक्का तास झाला की गोल, बुडला की फुली. तीन आठवड्यांत पाचपेक्षा जास्त फुल्या असतील तर त्या हंगामापुरतं घरचं शिक्षण तुमच्या घराला झेपत नाही, आणि त्यात कुणाचा दोष नाही.

परतीचा रस्ता उघडा आहे. शाळेत वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो आणि पाचवीपर्यंत मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावं लागतं. सहावी ते आठवीसाठी मात्र २०२३ पासूनच्या राज्याच्या नियमानं पाचवीची परीक्षा पास व्हावी लागते. टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) नाही किंवा जन्मतारखेचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मूल मागं असेल तर त्याला खास प्रशिक्षण मागायचा हक्क त्याच कायद्यात आहे. प्रवेशाचा अर्ज मुख्याध्यापकांकडे दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर तारखेची पोच घ्या.